विद्युत वाहनांची चार्जिंग केंद्रे : उज्जैन आणि सुरक्षेचे नियम

मध्य प्रदेशातील उज्जैन येथे २०२८ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा भरणार आहे. महाकाल मंदिर परिसरातील अरुंद रस्त्यांवर भाविकांची ने-आण करण्यात ई-रिक्षांचा वाटा मोठा आहे. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर व जबलपूर यांच्यासह उज्जैनलाही आदर्श विद्युत वाहन शहर म्हणून निवडण्यात आले आहे. वाहनांबरोबर चार्जिंग केंद्रेही वाढणार असल्याने त्यांची सुरक्षितता महत्त्वाची ठरते.

परवाना आणि जबाबदारी : चार्जिंग ही सेवा असून वीजविक्री नव्हे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे केंद्रासाठी वीज कायद्याखालील परवाना लागत नाही. मात्र परवान्यातून सूट म्हणजे सुरक्षेतून सूट नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा विनियमांत चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या आणि २०२३ च्या विनियमांतही त्या विषयाला स्थान आहे.

प्रमुख तरतुदी : वीजपुरवठ्याचे सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे. प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट व अतिरिक्त प्रवाहापासून संरक्षण असावे. एक्स्टेंशन वायर वापरू नये. गळती प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या पुढे जाण्यापूर्वी पुरवठा तोडणारे आरसीडी उपकरण बसवावे. त्याने न्यूट्रलसह सर्व तारा खंडित केल्या पाहिजेत. अर्थिंग सदोष असल्यास वाहनाच्या धातूच्या सांगाड्यात वीज उतरू शकते, म्हणून त्याची तपासणी अनिवार्य मानावी.

घरगुती चार्जिंग : घरातील विद्यमान जोडणीवरून वाहन चार्ज करण्यास मुभा आहे. तथापि ७.४ किलोवॉटचा चार्जर २३० व्होल्टवर सुमारे ३२ अँपिअर प्रवाह घेतो. घरातील नेहमीचे मोठे सॉकेट १६ अँपिअरचे असते. जुन्या वाड्यांतील जीर्ण वायरिंगवर असा भार तासन्‌तास राहिल्यास वायर तापून आग लागण्याचा धोका असतो. मंजूर भार वाढवून घेणे आणि परवानाधारक कंत्राटदाराकडूनच काम करवून घेणे हाच उपाय होय.

ई-रिक्षांची बॅटरी : अनेक ई-रिक्षांत लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. चार्जिंगच्या अखेरच्या टप्प्यात त्यांतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने तो पेटू शकतो. बंद खोलीत, झोपण्याच्या जागी रात्रभर चार्जिंग करणे म्हणूनच घातक आहे.

नदीकाठची दक्षता : पावसाळ्यात शिप्रेला पूर येऊन रामघाट पाण्याखाली जातो. घाटालगतच्या केंद्रांची जागा पूररेषा पाहूनच ठरवायला हवी. केवळ ८०० मिलिमीटरची उंची तेथे पुरेशी ठरणार नाही. मुसळधार पावसाच्या गोव्यातही सखल भागात चार्जर बसविताना हाच विचार करावा लागतो.