स्टिअरिंगची थरथर (जुनी मोटार)
जुन्या मोटारीतील हा दोष नेमका कधी जाणवतो, यावरून त्याचे निदान होते. ताशी 80–100 किमी वेगाला सुरू होऊन पुढे ओसरणारी थरथर बहुधा पुढच्या चाकांच्या असंतुलनाची. रिमच्या आत वाळलेला चिखल किंवा गळून पडलेले शिशाचे वजनही त्याला पुरते. फक्त ब्रेक दाबताना हादरे बसले, तर डिस्क तपासावी. मारुती 800 सारख्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत वेग घेताना थरथर वाढली, तर ड्राइव्हशाफ्टच्या आतल्या सांध्याचा संशय घ्यावा. जॅकवर उचललेले चाक आडवे हलवून टाय रॉडचा, उभे हलवून बॉल जॉइंट व बेअरिंगचा प्ले कळतो. निव्वळ अलाइनमेंटने थरथर सहसा जात नाही. आधी व्हील बॅलन्सिंग करावे. फुगवटा आलेला टायर मात्र ताबडतोब बदलावा.