उबेची राखण

गेल्या हिवाळ्यात मिनिआपोलिसच्या आमच्या घरातील जुना थर्मोस्टॅट आम्ही भिंतीवरून उतरवला. घर १९५०च्या दशकातले आणि ती गोल तबकडीही जवळपास तेवढ्याच वयाची. ती बिघडली होती असे नव्हे. घरात कोणी नसताना भट्टी उगाच पेटती राहू नये, एवढेच कारण. तबकडीमागे दोन तारा निघाल्या. नव्या 'स्मार्ट' उपकरणाला तिसरी हवी होती, कारण त्याला स्वतःसाठी सतत वीज लागते. जुन्याला स्वतःसाठी काहीच लागत नसे. ती तिसरी तार शोधण्यात तळघरात अर्धा दिवस गेला आणि एक प्रश्न मनात घर करून राहिला: ऊब राखण्याचे काम मुळात कोणाचे होते आणि ते कोणाकडून कोणाकडे गेले?

'थर्मोस्टॅट' हा शब्दच पाहावा. ग्रीक घटकांपासून घडवलेला, उष्णता स्थिर ठेवणारा अशा अर्थाचा. तो रूढ केला अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने, १८३०च्या आपल्या पेटंटात. कल्पना साधी: दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या की तापल्यावर एक अधिक प्रसरण पावते आणि जोडपट्टी वाकते, त्या वाकण्याने झडप उघडता-मिटता येते. अशी पट्टी जॉन हॅरिसनने अठराव्या शतकातच आपल्या सागरी घड्याळात वापरली होती. त्याही आधी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने अंडी उबवण्याच्या पेटीत पाऱ्याच्या चढउताराने झडप हलवली होती. थोडक्यात, हे यंत्र पहिल्यांदा बसले ते कोंबडीच्या जागी.

युअरचा रोख मात्र अंड्यांकडे नव्हता, कारखान्याकडे होता. 'फिलॉसॉफी ऑफ मॅन्युफॅक्चर्स' (१८३५) हा यंत्रयुगाचा स्तुतिग्रंथ त्याचाच. मार्क्सने 'कॅपिटल'मध्ये त्याची संभावना स्वयंचलित कारखान्याचा पिंडार अशी केली. विजेत्यांची स्तोत्रे रचणाऱ्या ग्रीक कवीचे नाव त्याला उपहासाने चिकटवले. माणसाच्या हातावर विसंबावे न लागणे, हे युअरच्या दृष्टीने यंत्राचे भूषण होते. घरातल्या भिंतीवर निरुपद्रवीपणे बसलेल्या या शब्दाचे कूळ असे गिरणीतले आहे.

यानंतरचा प्रसंग विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयातला. वॉरन जॉन्सन तेथे प्राध्यापक होते. थंडीत शाळेच्या शिपायाने प्रत्येक वर्गात शिरून तापमान पाहायचे आणि मग तळघरात उतरून झडपा कमीजास्त करायच्या, असा रिवाज होता. शिकवण्यात खंड पडे. जॉन्सन यांनी १८८३मध्ये पेटंट घेतलेल्या उपकरणाने काय केले? वर्ग फार थंड वा फार गरम झाला की तळघरात घंटा वाजू लागली. हा तपशील आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. यंत्राने प्रथम शिपायाची जागा घेतली नाही. ते त्याला हुकूम देऊ लागले. वर्गातून त्याचा वावर तेवढा संपला. पुढे १८९५च्या पेटंटात दाबाखालील हवेने झडपा परस्पर हलू लागल्या आणि ती घंटा ऐकण्यासाठीही कोणाची गरज उरली नाही. १८८५मध्ये मिलवॉकीत निघालेल्या कंपनीला नाव लाभले ते अर्थातच प्राध्यापकांचे.

घरांत ही राखण घरच्यांनाच करावी लागे. पहाटे तळघरात उतरायचे, कोळशाच्या भट्टीची झडप उघडायची. ती खेप वाचवणारे उपकरण अल्बर्ट बुट्झ याने १८८०च्या दशकात आमच्याच मिनिआपोलिसमध्ये सिद्ध केले. त्याच वंशातून १९२७मध्ये 'मिनिआपोलिस-हनिवेल' कंपनी झाली आणि १९५३मध्ये तिची 'राउंड' ही तबकडी बाजारात आली. तिचा आकार हेन्री ड्रायफस यांच्या हातचा; वरचे झाकण काढून भिंतीच्या रंगात रंगवावे, अशी सोय. आत द्विधातूची गुंडाळी आणि तिच्यावर पाऱ्याची काचकुपी. गुंडाळी उलगडली की कुपी कलते, पारा घरंगळतो, मंडल जुळते किंवा तुटते. इतकेच. फिरवणारा हात कोणाचा, तो का फिरला, याची स्मृती त्या पाऱ्याला नसते.

मराठीत ऊब, धग, आच, झळ असे शब्द आहेत आणि प्रत्येकात अंग व विस्तव यांच्यातले अंतर वेगळे आहे. तबकडीने या साऱ्याचा एक आकडा केला हे खरे. पण तो आकडा हाताचा होता. म्हणूनच २ फेब्रुवारी १९७७ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना लोकरी कार्डिगन घालून दूरचित्रवाणीवर यावे लागले, आणि दिवसा ६५, रात्री ५५ अंश फॅरनहाइटच ठेवा (म्हणजे सुमारे १८ व १३ सेल्सियस) असे नागरिकांना विनवावे लागले. विनवणी हातालाच करता येते. पुढे वेळापत्रक लावता येणारे थर्मोस्टॅट आले. लोक ते नीट लावत नाहीत, अपेक्षित बचत दिसत नाही, म्हणून अमेरिकी सरकारच्या 'एनर्जी स्टार' योजनेने २००९अखेर त्यांची मान्यता काढून घेतली.

दोष हाताचा ठरला, तेव्हा उपायही हातालाच वगळण्याचा निघाला. २०११मधील 'नेस्ट' आमच्या सवयी शिकू लागला, समोरून कोण गेले हे टिपू लागला. २०१४मध्ये गूगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरना घेतली आणि ऑक्टोबर २०२५मध्ये त्या पहिल्या पिढीचा फोनशी असलेला संबंध तोडला. भिंतीवर हाताने फिरवणे तेवढे राहिले!

आमची तबकडी पाऱ्यामुळे कचऱ्यात टाकता येत नव्हती. ती घातक कचऱ्याच्या केंद्रावर देऊन आलो. भिंतीवर जुन्या रंगाचे वर्तुळ उरले आहे, नव्या चौकटीने ते पुरते झाकले जात नाही. परवा दुपारी घर एकाएकी गारठले. नव्या उपकरणाच्या नोंदीत एक ते चार घरात कोणी नव्हते. आम्ही दोघेही आत होतो, वाचत बसलो होतो, इतकेच. उठून त्याच्यासमोरून एक फेरी मारली, तेव्हा भट्टी पेटली.