जाताना तुकोबांच्या वाटेने, येताना माउलींच्या वाटेने

श्रीपूर (जि. सोलापूर) - शनिवारी सकाळी अचानक बाहेरगावी जाण्याची हुक्की येते आणि पुणेकरांची गाडी सवयीने लोणावळा नाही तर महाबळेश्वरकडे वळते. पुढे काय होते, ते सर्वांनाच ठाऊक आहे. घाटात वाहनांच्या रांगा लागलेल्या असतात आणि हॉटेलांत जागा नसते. गाजलेल्या स्थळांची ही अवस्था जगभर सारखीच आहे. इटलीतील व्हेनिस शहराने तर गर्दी आवरण्यासाठी २०२४ पासून ठरावीक दिवशी, एका दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांना प्रवेशशुल्क लागू केले. अशा वेळी जाणता प्रवासी नकाशावरची कमी गाजलेली गावे शोधू लागतो. महाराष्ट्रात असा एक मुलूख नीरा आणि भीमा या नद्यांच्या दुआबात, पंढरपूरच्या वाटेवर आहे. या वाटेने दरवर्षी लाखो लोक जातात. तेथे थांबून पाहणारे मात्र थोडेच असतात.

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर आणि त्याच्या आसपासची अकलूज, माळीनगर, महाळुंग, वेळापूर ही गावे, तसेच नदीपलीकडचे नीरा-नरसिंहपूर, एवढा परिसर दोन दिवसांत निवांत पाहून होतो. त्यासाठी आगाऊ आरक्षण किंवा मोठी तयारी लागत नाही. शिवाय जाताना संत तुकाराम महाराजांच्या आणि परतताना संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीमार्गाने प्रवास करता येतो.

पाणी आले, साखर आली

पाटस, बारामती, इंदापूर या मार्गाने आल्यास सराटी हे पुणे जिल्ह्यातील शेवटचे गाव लागते. येथेच आषाढी वारीत तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान घातले जाते. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा आणि अकलूज. सोलापूर म्हटले की दुष्काळी माळरान डोळ्यांसमोर येते, पण येथे दोन्ही बाजूंना उसाचे हिरवे फड दिसतात. या हिरवाईचा उगम दूर सह्याद्रीत आहे. भोरजवळचे भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्याच्या कोरडवाहू जमिनीचे रूप पालटले. पाठोपाठ १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला आयात साखरेपासून कायद्याचे संरक्षण मिळाले. पाणी आणि संरक्षण या दोहोंचा मेळ बसला आणि या भागात कारखाने उभे राहू लागले.

माळीनगरची कथा त्यांतही आगळी आहे. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन १९३२ मध्ये 'सासवड माळी शुगर फॅक्टरी' स्थापन केली. प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहण्याच्या सुमारे दीड तप आधी शेतकऱ्यांनी स्वतःच्या भांडवलावर केलेला हा प्रयोग होता. गाव सोडून आलेल्या या बागायतदारांच्या वसाहतीचे नावच पुढे माळीनगर पडले.

येथून थोडे पुढे श्रीपूर आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या 'बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट'च्या कारखान्याभोवती हे गाव वाढले. आज येथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. २०२१ मध्ये महाळुंग आणि श्रीपूर यांची मिळून नगरपंचायत झाली. गळीत हंगामात सायंकाळी गावात शिरले की उसाने भरलेल्या बैलगाड्या, मळीचा वास आणि गव्हाणीची घरघर यांवरून हे गाव कशावर जगते ते उमगते. श्रीपूरला लागूनच असलेले महाळुंग मात्र कारखान्याहून कितीतरी जुने. तेथील भुईकोटात यमाई देवीचे मंदिर असून नवरात्रात भाविकांची गर्दी होते.

औरंगजेबाचा तळ

अकलूजचा किल्ला नीरेच्या काठावर आहे. आज किल्ल्यात शिवचरित्रातील प्रसंग शिल्परूपाने दाखविणारी शिवसृष्टी उभारलेली असून मुलांना ती विशेष आवडते. तथापि या गावाचा मराठ्यांच्या इतिहासाशी असलेला संबंध अधिक गंभीर आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले, तेव्हा औरंगजेबाची छावणी अकलूजला होती. ती बातमी त्याला येथेच मिळाली. त्यानंतर तो भीमाकाठच्या बहादूरगडाकडे निघाला आणि तेथे महाराजांना त्याच्यासमोर आणण्यात आले. अकलूजचे नाव त्याने 'असदनगर' असे बदलले होते. ते नाव मुघलांबरोबरच गेले. तटावर उभे राहून नीरेचे पात्र पाहताना एवढी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

मुक्कामासाठी अकलूज सोयीचे आहे. गाव मोठे, बाजारपेठ भरलेली, राहण्या-जेवण्याची सोय होते. येथील राज्यस्तरीय लावणी स्पर्धा आणि घोडेबाजार यांनी अकलूजचे नाव महाराष्ट्रभर पोचविले आहे.

नीरा-भीमेचा संगम

रविवारची सकाळ नीरा-नरसिंहपूरसाठी राखून ठेवावी. सह्याद्रीच्या वेगवेगळ्या खोऱ्यांतून निघालेल्या नीरा आणि भीमा येथे एकत्र येतात. नरसिंहपूर पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्याचे अगदी टोक असून, समोर सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस आणि माढा हे तालुके आहेत. संगमावरील लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर गढीसारखे भक्कम आहे. पेशवाईतील सरदार विंचूरकर घराण्याने त्याच्या उभारणीस हातभार लावला. मूर्ती वालुकामय असून ती भक्त प्रल्हादाने घडविली, अशी श्रद्धा आहे. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांचे हे कुलदैवत असल्याने वैशाखातील नृसिंह जयंतीला येथे मोठा उत्सव असतो. एरवी सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर भाविकांपेक्षा बगळेच अधिक दिसतात.

ज्ञानेश्वरीच्या काळातील अक्षरे

दुपारी वेळापूर गाठावे. हा या सहलीचा कळस होय. अर्धनारी नटेश्वराचे मंदिर यादवकालीन असून शिव आणि पार्वती यांचे एकत्रित रूप येथे पूजिले जाते. परिसरात वीरगळ आणि जुनी शिल्पे आढळतात. त्याहून मोलाचे म्हणजे येथील शिलालेख. इ. स. १३०० च्या सुमाराचे हे लेख देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या राजवटीतील आहेत. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली आणि तिच्या अखेरीस याच राजाचा उल्लेख येतो. म्हणजे वेळापूरच्या दगडावरील अक्षरे ज्ञानेश्वरीनंतर जेमतेम दहा वर्षांनी कोरली गेली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली होती आणि रामचंद्राला खंडणी मान्य करावी लागली होती. राजधानी हादरल्यानंतरही भीमेच्या खोऱ्यात देवालयांची कामे चालू होती आणि त्यांची नोंद दगडावर होत होती, हे या लेखांतून दिसते.

योगायोग असा, की माउलींची पालखी आषाढात वेळापूरलाच मुक्काम करते. गावाजवळच्या उंचवट्यावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते तेथून धावत सुटले, या श्रद्धेपोटी वारकरी आजही येथे 'धावा' करतात. धावा होतो तेव्हा सारे वेळापूर जागे असते. मात्र मंदिरातील अक्षरांपुढे थांबणारा क्वचितच आढळतो. अशा शिळांना दुर्लक्षाइतकाच धोका अतिउत्साहाचाही असतो. तेल, शेंदूर आणि रंगाचे थर अक्षरे बुजवितात. वाचता यावे म्हणून खडूने गिरविण्याचा मोहही टाळावा. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी किंवा दुपार कलल्यावर, उघड्यावरचे कोरीव काम विनासायास उठून दिसते.

वेळापूरहून माळशिरस, नातेपुते, फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड या माउलींच्या मार्गाने रात्रीपर्यंत पुण्याला परतता येते.

कसे जावे, कधी जावे

पुण्याहून अकलूज सुमारे १७० किलोमीटर असून एसटीची सोय आहे. रेल्वेने येणाऱ्यांना पंढरपूर किंवा कुर्डुवाडी ही स्थानके सोयीची आहेत. सोलापूरकरांनी पंढरपूरमार्गे यावे आणि हाच क्रम उलटा धरावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र याच दिवसांत रस्त्यांवर ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात, त्यामुळे अंधार पडल्यावर गाडी जपून हाकावी किंवा मुक्कामीच थांबावे. पावसाळ्यात उजनी आणि वीर धरणांतून पाणी सोडले की संगमावरील घाट पाण्याखाली जातात, तेव्हा पात्रात उतरू नये. वारीच्या दिवसांत, म्हणजे अकलूज आणि माळीनगर येथे रिंगणे होतात त्या सुमारास, निवांत सहलीचा बेत आखू नये. त्या वेळी यायचे तर वारीसाठीच यावे.

दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपूर येथे झाली. रुंद रस्त्यामुळे पंढरपूर लवकर गाठता येते, पण ही गावे खिडकीतून दिसण्याआधीच मागे पडतात. पालखी मात्र आजही या वाटेवर मुक्काम करीत जाते. शनिवार-रविवारच्या प्रवाशानेही तेवढाच धडा घेतला, तर दोन दिवसांत सातशे वर्षांचा महाराष्ट्र त्याच्या पदरात पडतो.