जमिनीवर पडलेला चिमटा

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना जोसेफ लिस्टर यांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १८६५ साली ग्लासगो येथे त्यांनी जखमांवर कार्बोलिक अम्लाचा उपयोग सुरू केला. पुढे १८७९ साली पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी पॅरिसमध्ये ऑटोक्लेव्ह हे यंत्र सिद्ध केले. कोंडलेल्या वाफेचा दाब वाढला की तिची उष्णताही वाढते; आजच्या प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. मात्र त्या यंत्रापाशी उभे राहून हत्यारे धुणाऱ्या माणसाला ते काम कोणी शिकविले, याविषयी इतिहासग्रंथ बहुधा मौन बाळगतात. त्याची आठवण होते ती अनर्थ घडल्यावर. असा एक अनर्थ मुंबईच्या परळशी निगडित आहे.

प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती दूरदूरच्या प्रांतांत जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण थोड्याच दिवसांत धनुर्वाताने मरण पावले. त्या सर्वांना लस दिली गेली होती ती एकाच बाटलीतून. उरलेल्यांना काही अपाय झाला नाही.

चौकशी करणाऱ्यांनी दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला. लसीत कार्बोलिक अम्ल न घालता केवळ उष्णतेने ती निर्जंतुक करण्याची पद्धत हाफकिन यांनी स्वीकारली होती; तीच सदोष ठरविण्यात आली आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु चौकशीच्याच कागदपत्रांत एक बारीकशी नोंद होती. ती बाटली उघडण्यापूर्वी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून तापवावयास हवा होता. त्याऐवजी तो कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून घेण्यात आला व त्यानेच बुचाला हात घातला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत बीजरूपाने असतात आणि अशा ओझरत्या बुडीने ती बीजे मरत नाहीत. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली, तेव्हा कोठे १९०७ साली ते दोषमुक्त झाले. परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.

त्या मदतनिसाला बोल लावणे सोपे आहे. पण धुतलेला चिमटा आणि निर्जंतुक चिमटा डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यांतील भेद शिकवावाच लागतो, आणि हे शिक्षण हलके मानण्याची चूक केवळ त्या काळची नव्हे. मार्च १९७२ मध्ये इंग्लंडातील प्लिमथ येथे शिरेतून दिलेल्या दूषित ग्लुकोजमुळे पाच रुग्ण दगावले. बाटल्या ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या होत्या. परंतु आतील हवा पुरती बाहेर न गेल्याने तळाच्या बाटल्यांना पुरेशी उष्णता लागली नव्हती. यंत्राची नोंदपट्टी ते दाखवीत होती. तापमापकच बिघडला असेल, अशा समजुतीने तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. क्लोथियर समितीने, अल्प कौशल्याच्या माणसांवर हे काम सोपविता येते या समजुतीवरच ठपका ठेवला.

आज मोठ्या रुग्णालयांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो, आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१५ पासून तेथील तंत्रज्ञांना प्रमाणपत्र सक्तीचे केले. तेथील एका प्रमुख प्रमाणपत्रासाठी ४०० तास प्रत्यक्ष काम करावे लागते. शिकणारा आरंभी यंत्राला नव्हे, ब्रशाला हात लावतो. कात्रीच्या सांध्यात रक्त सुकून राहिले तर वाफ आत शिरत नाही, म्हणून प्रत्येक सांधा उघडून घासावयाचा. मग वाफ आरपार जाईल अशा वेष्टनात हत्यारे बांधावयाची, १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना ३ मिनिटे हा हिशेब पाळावयाचा आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावयाची. हवा ओढून काढणाऱ्या यंत्राची तर रोज सकाळी, पहिले हत्यार आत जाण्यापूर्वी, रिकाम्या यंत्रात परीक्षा होते. बोवी व डिक यांच्या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा १९६३ सालची. कापडाच्या घडीत ठेवलेल्या कागदाचा रंग सर्वत्र सारखा बदलला, तरच यंत्र त्या दिवशी कामाला लावले जाते.