गाईंवरचा आळ

अमेरिकेत आल्यावर नळाचं पाणी थेट तोंडाला लावायचं धाडस करायला मला आठवडा लागला. आईचं 'उकळून, गाळून' डोक्यात पक्कं बसलेलं! इथले मित्र हसायचे. पण शिकागोहून गाडीने दीड तासावरच्या मिलवॉकीत १९९३ साली काय झालं ते वाचलं आणि आईची मनोमन माफी मागितली.

त्या वसंतात शहरभर जुलाबाची साथ पसरली. कारण निघालं क्रिप्टोस्पोरिडियम, आतड्यातला एक परजीवी. मिशिगन सरोवराचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येत होतं, क्लोरीनही होतं. पण याचं कवच नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही, आणि दक्षिणेकडच्या केंद्रात गाळण नेमकं त्याच दिवसांत कमी पडलं. ७ एप्रिलला पाणी उकळून प्यायची सूचना निघाली. तोवर उशीर झाला होता. अंदाजे ४,०३,००० लोक आजारी पडले. एड्सच्या कित्येक रुग्णांचा तर जीवच गेला.

मग हा सरोवरात आला कुठून? विस्कॉन्सिन म्हणजे दुधदुभत्याचं राज्य. सांडपाण्याबरोबर गोठे आणि कत्तलखान्यांवरही संशय गेला. पंचाईत अशी, की गाईतला आणि माणसातला परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसतात.

उत्तर मिळालं ते जनुकीय ठशांतून. पीसीआरने जनुकाच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या. त्यात ठरावीक अक्षरक्रम दिसला की तिथेच कापणारं एन्झाइम सोडायचं. दोन प्रकारांत अक्षरं वेगळी, म्हणून कापलेले तुकडे लहानमोठे. जेलवर त्यांचे पट्टे उमटले की ओळख पटली! १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिलवॉकीच्या रुग्णांचे जपून ठेवलेले मोजके नमुने असे तपासले गेले. ठसा निघाला माणसाच्या प्रकाराचा. २००२ साली या प्रकाराला 'क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस' असं स्वतंत्र नावही मिळालं.

म्हणजे बोट वळलं ते माणसांच्याच मैल्याकडे. अर्थात, ठसा 'कोण' ते सांगतो, 'कुठल्या वाटेने' ते नाही. पण नुसते गोठे आवरून भागलं नसतं, एवढं नक्की. शहराने पुढे सरोवरातला पाणी घेण्याचा पाइप आणखी आत नेला आणि १९९८ पासून ओझोनने शुद्धीकरण सुरू केलं.

मला इंजिनियर म्हणून कौतुक वाटतं ते मात्र नमुने जपणाऱ्यांचं. साथ ओसरल्यावर कुणी ते फेकून दिले असते, तर गाईंवरचा आळ कधी फिटलाच नसता.