छप्पर आतून कुजते

कोकणात मे महिन्यात शाकारणी होते तेव्हा सगळ्यांचे लक्ष कौलांच्या वरच्या अंगाकडे असते. फुटके कौल बदलायचे, सरकलेले जागेवर बसवायचे, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा. हे करावेच लागते. पण जुने घर उतरवायला घेतले की वेगळेच काही दिसते. मंगलोरी कौले बहुधा धडधाकट निघतात, पुन्हा वापरताही येतात. त्यांना पेललेल्या रिपा आणि वाशांची टोके मात्र बोटांनी चुरडतील अशी झालेली असतात. भाजलेली माती पावसाने सहसा झिजत नाही, लाकूड ओलीने कुजते. छपराचे आयुष्य म्हणजे मुख्यतः त्याच्या सांगाड्याचे आयुष्य, आणि ते माळ्यावरच्या हवेत ठरते.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत राहिले तर बुरशी वाढत नाही. ते 28-30 टक्क्यांच्या वर जाऊन तसेच राहिले तर कुजणे सुरू होते. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करते. हवा कोरडी असेल तर ते पाणी सोडते, दमट असेल तर ओढून घेते. म्हणून गळती नसलेल्या घरातही वासे कुजू शकतात, आणि अधूनमधून थोडे गळणाऱ्या घरातले वासे शंभर वर्षे टिकलेले दिसतात. भिजणे टळत नाही. दोन भिजण्यांच्या मध्ये लाकडाला सुकायला किती वेळ मिळतो हे महत्त्वाचे.

यावर एक रास्त शंका निघते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा बाहेरचीच हवा ओलीचिंब असते. ती माळ्यावर खेळवून लाकूड सुकेल कसे? उत्तर तापमानात आहे. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा माळ्यावर आली आणि तिथे फक्त पाच अंशांनी तापली, तर तिच्यातली वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता सुमारे 67 टक्क्यांवर येते. पहिल्या हवेत लाकूड 20 टक्क्यांच्या आसपास पाणी धरून राहते, दुसऱ्या हवेत 12 टक्क्यांच्या. श्रावणात तासाभराची उघडीप पडली, कौले तापली, की माळ्यावरची हवा हलकी होऊन वर चढते, आढ्यापाशी बाहेर पडते आणि तिच्या जागी वळचणीकडून नवी हवा येते. जाताना ती लाकडातली वाफ घेऊन जाते. थोडी ऊब आणि बाहेर पडायची वाट, दोन्ही एकत्र असल्या तरच हे घडते. ऊब आहे पण वाट नाही, तर दिवसा लाकडातून निघालेली वाफ रात्री थंड झालेल्या कौलाखाली पुन्हा पाणी होऊन वाशावरच येते.

झडीच्या दिवसांत ऊन नसते. तेव्हा ही ऊब चूल देत असे. जुन्या स्वयंपाकघराचा धूर सरळ माळ्यात चढायचा आणि कौलांच्या फटींतून निघून जायचा. वासे काळे पडायचे, पण त्या काजळीतल्या डांबरी अंशामुळे कीड दूर राहायची आणि धुराबरोबर आलेली गरम हवा आषाढातही छप्पर आतून शेकत ठेवायची. त्याची किंमत चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी आणि फुफ्फुसांनी मोजली, हे विसरता येत नाही. गॅस आला हे उत्तमच झाले. पण छपराला मिळणारा रोजचा शेक त्या दिवशी बंद झाला आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने भरायला हवी, हा विचार फारसा कुणी केला नाही.

उलट त्याच काळात माळा बंद होत गेला. कौलातून धूळ पडते, पावसाचे तुषार येतात, म्हणून कौलांखाली प्लास्टिकचा कागद ताणला जातो. आढ्यावर पालथी घातलेली कौले सिमेंटात पक्की बसवली जातात. वळचणीच्या फटी साप-उंदरांच्या भीतीने भरल्या जातात आणि खोलीवर पीव्हीसीचे सीलिंग ठोकले जाते. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे शहाणपणाची वाटते, पण चारही झाल्या की माळा झाकण लावलेल्या डब्यासारखा होतो. सर्वांत घातक मला प्लास्टिकचा कागद वाटतो. तो रिपांना चिकटून लावला की वरून आलेला थेंब रीप आणि कागद यांच्यामध्ये अडकतो, खालून चढणारी वाफ कागदाच्या पोटाला दवासारखी जमते, आणि वर्षानुवर्षे झाकलेल्या रिपा कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

आता उष्णतारोधनाकडे वळू. पदार्थातून उष्णता किती सहज जाते याचे माप वॅट प्रति मीटर प्रति अंश असे मोजतात. पोलादासाठी ते 50 च्या आसपास येते, काँक्रीटसाठी दीड, लाकडासाठी 0.15, थर्मोकोलसाठी 0.035 ते 0.04 आणि स्थिर हवेसाठी 0.026. थर्मोकोल, काचलोकर, भाताचा पेंढा, सगळे मुळात हवेला कोंडून जागेवर धरतात. रोधनाचे काम ती हवाच करते. माळ्याच्या फळ्यांवर पेंढ्याच्या गठड्या रचणाऱ्या घराला हे रोधन फुकट मिळत होते. देशावरच्या माळवदाने हेच काम पांढऱ्या मातीच्या जाड थराने केले. तिथे पाऊस कमी म्हणून ते टिकले. कोकणात ती माती एक पावसाळाही धरली नसती.

रोधनाचा थर कुठे घालायचा यावर लाभ कुणाचा हे ठरते. सीलिंगच्या वर आणि माळ्याच्या तळाशी घातला तर खोली गार राहते आणि त्याच्यावरची हवा वाहती ठेवता येते. तोच थर वाशांच्या मध्ये, कौलांना चिकटून कोंबला तर उन्हाळ्यात खोलीला लाभ होतो, पण लाकूड हवेपासून तुटते. कौलांखाली चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा लावतात तेव्हाही हेच पाहावे. त्याची चकाकी तापलेल्या कौलाची ऊब खाली येऊ देत नाही, पण त्यासाठी कौल आणि त्याच्यामध्ये हवेची पोकळी हवी, आणि ती पोकळी वर-खाली उघडी हवी. रोधन वाढवले की वायुवीजनही वाढवावे लागते, कारण रोधनामुळे थराच्या पलीकडचे छप्पर घराच्या उबेपासून तुटते आणि रात्री अधिक गार होते.

उघडीप किती ठेवावी याचा एक ठोकताळा अमेरिकेतून आला. तिथल्या फेडरल गृहनिर्माण प्रशासनाने 1942 मध्ये माळ्याच्या क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाइतके मोकळे तोंड ठेवण्याचा दंडक घातला. आजच्या तिथल्या निवासी बांधकाम संहितेत मूळ प्रमाण दीडशेवा भाग आहे आणि काही अटी पाळल्या तर तीनशेवा चालतो. त्यांची अडचण वेगळी होती. हिवाळ्यात घरातली उबदार, दमट हवा थंड माळ्यात चढून फळ्यांना ओलावते, आणि छपरावरचा बर्फ वितळून वळचणीला पुन्हा गोठतो व पाणी अडवून धरतो. हा आकडा आपल्या हवेसाठी काढलेला नाही, पण सुरुवात म्हणून चालावा. 60 चौरस मीटरच्या माळ्याला दीडशेव्या भागाने 0.4 चौरस मीटर मोकळी जागा लागते. त्यातली निम्मी वळचणीला, निम्मी आढ्याजवळ किंवा त्रिकोणी भिंतीत अगदी वर. सगळी तोंडे एकाच उंचीवर असली तर हवा वर चढायला वावच राहत नाही. जाळी लावली तर मोजमाप चौकटीचे न धरता जाळीच्या भोकांचे धरावे.

वायुवीजनाबद्दल अतिशयोक्तीही होते. अमेरिकेत छपरावर डांबरी शिंगल्स असतात आणि हवा खेळवली की त्या गार राहून जास्त टिकतात, असे सांगितले जाते. मोजणी केली तेव्हा फरक थोड्याच अंशांचा निघाला. शिंगल किती तापेल यावर तिच्या रंगाचा परिणाम त्याहून मोठा होता. वायुवीजनाचा खरा लाभ आवरणाखालच्या लाकडाला होतो, आणि ते कोरडे ठेवणे एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

कौले काढून रंगीत पत्रा घालणाऱ्यांनी एक पहाट माळ्यावर काढावी. निरभ्र थंडीच्या रात्री छप्पर आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. हवा 20 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची असेल तर दवबिंदू साडेसतरा अंशांजवळ येतो. पत्रा त्याखाली उतरला की त्याच्या पोटाला पाणी धरते आणि सकाळी घरात थेंब पडतात. लोकांना वाटते छप्पर गळते. मातीचे कौल सच्छिद्र असल्याने तेवढी ओल पिऊन दिवसा सोडून देते. पत्र्याला ते जमत नाही, म्हणून त्याच्याखाली रोधन आणि वाहती हवा दोन्ही कौलापेक्षा अधिक लागतात. शिवाय सहा मीटरचा पोलादी पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत 40 अंशांनी तापला तर सुमारे तीन मिलिमीटर वाढतो. रोज हे ताणणे-आखडणे सोसून स्क्रूची भोके मोठी होतात आणि त्याखालचे रबरी वॉशर सैल पडतात.

स्लॅबच्या घरात लाकूड नाही, पण आतून खराब होण्याची रीत तीच. दहा मीटरचा स्लॅब 30 अंशांनी तापला की सुमारे तीन मिलिमीटर वाढतो. त्या हालचालीने केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून पाणी आतल्या सळईपर्यंत पोचते, आणि गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागून खालचे काँक्रीट फोडते. इथे खोलीच्या बाजूने थर्मोकोल आणि फॉल्स सीलिंग लावल्यास माणसाला गारवा मिळतो, स्लॅब मात्र पूर्वीइतकाच किंवा थोडा जास्तच तापतो, आणि भेगा सीलिंगआड लपतात. स्लॅब वाचवायचा तर थर वरून हवा: ब्रिकबॅट कोबा, त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे आवरण. गच्चीवरची पत्र्याची शेडही हेच काम करते, बाजू उघड्या राहिल्या तर. अडगळ ठेवायला त्या बंद केल्या की कोंडलेली गरम हवा स्लॅबवरच बसून राहते.

कौलारू घर तपासायचे असेल तर पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, उजेड घेऊन माळ्यावर चढावे. आधी उत्तरेकडच्या उतारावर जावे, कारण पुढचे काही महिने सूर्य दक्षिणेकडे राहतो आणि ती बाजू उशिरा सुकते. प्रत्येक वाशाचे भिंतीवर टेकलेले टोक दाभणाने टोचून पाहावे. चांगल्या सागात किंवा ऐनात दाभण अडते. ते सहज आत गेले तर वासा बदलण्यापूर्वी शेजारची वळचण कशाने बुजली आहे ते आधी शोधावे, नाहीतर नवा वासाही त्याच जागी कुजेल.