देवमाशाच्या तोंडातली चाळण

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले की, एका जातीच्या देवमाशाला दात नसतात. त्यांच्या जागी डुकराच्या राठ केसांसारखे केस असतात. या नोंदीपासून आपण निघालो, तर बलीनचा माग नीट लागतो. बलीन म्हणजे वरच्या हिरडीतून ओळीने लोंबणाऱ्या पट्ट्या. त्या केराटिनच्या, म्हणजे आपली नखे ज्याची असतात त्याच द्रव्याच्या. त्या जन्मभर वाढतात आणि जीभ घासून त्यांची आतली कड झिजते, तंतू मोकळे होतात. ॲरिस्टॉटलचे ‘केस’ ते हेच. पुढे युरोपच्या बाजाराला या पट्ट्यांच्या चिवट लवचीकपणाचा मोह पडला. बोहेड देवमाशाची पट्टी तीन मीटरांहूनही लांब भरे. तिच्यापासून कॉर्सेटच्या कांब्या, छत्रीच्या काड्या आणि चाबूक होऊ लागले आणि त्यापायी देवमाशांचे कळप संपत गेले.

पट्टी विकली जात होती, पण ती आली कुठून, याचा एक धागा 1807 साली हाती लागला. त्या वर्षी फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एत्येन जॉफ्र्वा सँतिलेर यांना देवमाशाच्या गर्भात दातांचे अंकुर सापडले. जन्माआधीच विरून जाणारे हे दात पूर्वजांची खूण होते. 1872 साली डार्विनने उत्क्रांतीवरच्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत, बदकाच्या चोचीतल्या बारीक पट्ट्यांचा दाखला देत, अशी चाळण टप्प्याटप्प्याने घडू शकते हे मांडले. जीवाश्मांनी पुढे दाखवले की ही वाट सरळ नव्हती. 2006 साली वर्णिलेल्या ऑस्ट्रेलियातल्या जान्जुसीटस या प्राचीन देवमाशाला, बलीनवाल्या देवमाशांच्या कुळातला असूनही, धारदार दात होते. 2018 साली वर्णिलेल्या, ओरेगॉनमधल्या सुमारे 3.3 कोटी वर्षांपूर्वीच्या मायाबलेनाला ना दात होते, ना बलीन असल्याची खूण.

आज आपण निळ्या देवमाशाला खाताना पाहतो, तो या वाटेचा आजवरचा शेवटचा टप्पा. वेगाने झेपावून तो जबडा उघडतो, गळ्याच्या चुण्या फुगतात आणि प्रचंड पाणी आत शिरते. मग जीभ ते बाहेर लोटते आणि क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, पट्ट्यांत अडकतात. 2021च्या संशोधनानुसार मोसमात तो दिवसाला सुमारे 16 टन क्रिल खातो. विसाव्या शतकात अंटार्क्टिक सागरात असे तीन लाखांहून अधिक देवमासे मारले गेले, तरी क्रिल वाढले नाहीत. शास्त्रज्ञांच्या मते याचे कारण असे की, देवमाशाच्या विष्ठेतले लोह सूक्ष्म वनस्पतींना पोसते आणि त्यांच्यावर क्रिल जगतात. खाणारा हटवला, तेव्हा त्याचे अन्न पिकवणारे चक्रही मंदावले. म्हणून देवमाशांचे रक्षण हे समुद्राच्याच उत्पन्नाचे रक्षण आहे.